दिनानाथ काटेवाला आणि टाकलेले दोन राजे

दिनानाथ घरतनं जन्मात पत्ता हातात धरला नव्हता. गौरी-गणपतीच्या जागरणाला सगळं आवरेखार गाव तीन पत्ती कुटत बसायचं, तेव्हा हा बाबा चहाची किटली घेऊन माणसांत फिरायचा. लग्न ठरलं तेव्हा सासूनं, वेणूबाईनं, गावदेवीपुढं उभं करून शपथ घ्यायला लावली होती, की जावई पत्त्याला शिवणार नाही. आणि गडी शब्दाचा पक्का. पण परदेशातल्या नावाजलेल्या खेळाडूंनी पोकरमध्ये कुठं माती खाल्ली हे विचाराल, तर उरण तालुक्यात त्याच्याएवढा जाणकार दुसरा नव्हता. निदान त्याचं स्वतःचं मत तरी तसं होतं, आणि ते तो कुणी न विचारता देत असे.

आता हे पोकर त्याच्या आयुष्यात घुसलं कसं, ते आधी सांगायला हवं. दिनानाथ बंदराच्या रस्त्याला एका वजनकाट्यावर कामाला. ट्रेलर येतो, लोखंडी पत्र्यावर उभा राहतो, खोलीतल्या यंत्रावर आकडा येतो, दिनानाथ पावती फाडतो, ट्रेलर जातो. पंचवीस वर्षं हेच. खोलीत मालकानं एक टीव्ही ठेवला होता. बारा वर्षांपूर्वी एका पावसाळ्यात त्या टीव्हीचा रिमोट काट्याखालच्या खड्ड्यात पडला. खड्ड्यात कमरेएवढं पाणी, त्यात डिझेल, त्यात काय काय. रिमोट गेला तो गेला, आणि टीव्ही एका खेळाच्या चॅनेलवर अडकला. दुसरा रिमोट आणला तर तो डबा त्याला जुमानेना. त्या चॅनेलवर रोज दुपारी दोन ते पाच पोकरच्या जुन्या स्पर्धा दाखवत. बरं, टीव्हीला आवाज नव्हता. सिमेंटच्या धुळीनं त्याचा गळा कधीच बसला होता. म्हणजे समालोचन नाही, नावं नाहीत, नियम सांगणारं कुणी नाही. नुसती माणसं गोल टेबलाशी बसलेली, समोर रंगीत चकत्यांचे ढीग, आणि एकमेकांकडं बघणं.

दुसरा कुणी असता तर टीव्हीला फडकं टाकून मोकळा झाला असता. दिनानाथ बघत बसला. आणि दर रविवारी त्याच्या जोडीला येऊन बसायचा त्याचा मेव्हणा, भिकू.

भिकू म्हणजे दिनानाथच्या बायकोचा, सखुबाईचा, पाठचा भाऊ. एकुलता एक. राहायला खाडीपलीकडं रेवसला, बर्फाच्या कारखान्यात नोकरी. रविवारी सकाळी लाँचनं करंजाला उतरायचा, बहिणीच्या हातचं जेवायचा, आणि दोन वाजता दाजींच्या काट्यावर हजर. दोघांनी मिळून पोकरचे नियम शोधून काढले. शोधून काढले म्हणजे अक्षरशः शोधून काढले हो! पहिले आठ महिने भिकूचं ठाम मत होतं, की पानं वाटणारी बाई सगळ्यात हुशार, कारण तिला कधी कुणी हरवलेलं दिसत नाही. दिनानाथनं त्यावर वाद घातला, की ती कधी जिंकलेलीही दिसत नाही. यावर पूर्ण पावसाळा गेला. मग हळूहळू उलगडा झाला: प्रत्येकाला दोन पानं झाकून, मधे पाच उघडी, ज्याची सरस जोडणी तो जिंकला, चकत्या म्हणजे पैसे, समोरच्यानं पुढं लोटल्या की आपणही तेवढ्याच लोटायच्या, आणि ज्याला तेवढा धीर नाही त्यानं पानं टाकून द्यावी. आपण घरात बसून सगळ्यांची झाकलेली पानं बघू शकतो, पण त्यांना ती दिसत नाहीत, हे कळलं त्या दिवशी तर दोघांना भरून आलं. "अरे, म्हंजे ते येडे न्हाईत," भिकू म्हणाला. "त्यांना दिसतच न्हाय!"

खेळाडूंची नावं माहीत नव्हती, म्हणून यांनीच ठेवली. टोपीवाला, दाढीवाला, च्युइंगम, आणि एक पिकल्या केसांची बाई होती, तिला मावशी. मावशीबद्दल दोघांनाही आदर होता. ती कुणावर ओरडत नसे आणि जिंकल्यावर पदर सावरल्यासारखा कोट सावरत असे.

दिनानाथचा खरा अभिमान होता तो चेहरे वाचण्याचा. "पंचवीस वर्सं ड्रायव्हर बघतोय मी," तो सांगायचा. "गाडी काट्यावर चढायच्या आधी मना तोंड बघून कळतं, कागदावर काय हाय आणि गाडीत काय हाय." टोपीवाला खोटं खेळताना, म्हणजे हातात काही नसताना चकत्या लोटताना, डाव्या कानाची पाळी ओढतो, च्युइंगमचं चावणं थांबतं, दाढीवाल्याचं मात्र काहीच कळत नाही, दाढीमुळं. हे तो घरी जेवतानाही सांगायचा. एकदा सखुबाईनं भाताचा डाव आपटला. म्हणाली, "त्या मेल्याचा कान तुमाला ठाऊक! आपली पोर खोटं बोलताना अंगठा मुठीत दाबून धरते, ते बघलंत कदी?" पोर म्हणजे कल्पिता, तेव्हा कॉलेजात होती, समोरच बसून मासा निवडत होती. दिनानाथ म्हणाला, "ती कुठं खोटं बोलते?" आणि पुन्हा टोपीवाल्याच्या कानाकडं वळला.

आणि मग चार वर्षांपूर्वी तो डाव झाला.

डाव असा. टोपीवाल्याला मिळाले दोन राजे, बदामाचा आणि इस्पिकाचा. मधली पानं अजून उघडायची होती. समोरून दाढीवाल्यानं आपल्या सगळ्या चकत्या दोन्ही हातांनी पुढं लोटल्या. आता राजांच्या जोडीला फक्त एक्क्यांची जोडी हरवते, बाकी कुणाची टाप नाही. दाढीवाल्याकडं काय होतं? देवाला ठाऊक! त्यानं आपली पानं नेमकी अशी ठेवली होती, की कॅमेऱ्याला ती दिसेनात. पडद्यावर त्याच्या पानांच्या जागी दोन प्रश्नचिन्हं. टोपीवाला सहा मिनिटं विचार करत बसला. बाहेर चार ट्रेलर भोंगे वाजवत होते, एक ड्रायव्हर खिडकीत डोकं घालून "दिनाभाई, पर्ची तो दो" म्हणत होता, त्याला दिनानाथनं हातानंच गप्प केलं. सहा मिनिटांनी टोपीवाल्यानं उसासा टाकला आणि दोन्ही राजे फेकून दिले. दाढीवाल्यानं आपली पानं तशीच उलटी सरकवली. कुणाला काही दाखवलं नाही. आणि जाहिरात लागली.

"येडा हाय काय!" दिनानाथ ओरडला. "राजे टाकले! राजे!"

"बरोबर केला त्यानं," भिकू शांतपणे म्हणाला. "दाढीवाला दोन तास चकतीला शिवला न्हवता. एक्के असल्याबिगर तो असा उठंल काय?"

झालं. तिथून जे सुरू झालं ते पाच वाजेपर्यंत. ट्रेलरची रांग पार वळणापर्यंत गेली. ड्रायव्हर खाली उतरून खोलीत शिरले, त्यांच्यातही दोन तट पडले. राजे ठेवायचे होते म्हणणारे दिनानाथच्या मागं, टाकले ते ठीक म्हणणारे भिकूच्या मागं. आणि त्या गर्दीत, वादात खाली बघायची वेळ येते असं दिसल्यावर, दिनानाथच्या तोंडून ते वाक्य गेलं.

"तू असंच बोलनार! शेवटच्या चढाईत हात न लावता परत येनारा मानूस, तो राजे टाकनाराचीच बाजू घेनार!"

आता ही चढाई म्हणजे काय, ते रेवसपासून उरणपर्यंत सगळ्यांना ठाऊक होतं, पण भिकूसमोर कुणी ते काढत नसे. भिकू तरुणपणी कबड्डीत नामी चढाईपटू. तालुक्याच्या अंतिम सामन्यात त्याचा संघ एका गुणानं मागं, आणि शेवटची चढाई भिकूची. सगळं मैदान उभं, दिनानाथही त्यात. भिकू गेला, डावीकडं सरकला, उजवीकडं सरकला, आणि कुणाला बोट न लावता मधली रेघ ओलांडून परत आला. संघ एका गुणानं हरला. भिकूचं म्हणणं तेव्हापासून एकच, की कोपऱ्यातल्यानं गुडघा वाकवला होता, पकड झालीच असती आणि आपण एकाऐवजी दोन गुणांनी हरलो असतो. हे त्यानं तीस वर्षं सांगितलं. कुणी ऐकलं नाही. लग्नात नाही, बारशात नाही, कुठंच नाही. बायको सुद्धा "व्हय व्हय" म्हणायची.

त्या रविवारी भिकू उठला. चप्पल घातली, शेवटची लाँच पकडली आणि गेला. पुन्हा बहिणीच्या दारात पाऊल ठेवलं नाही. चार वर्षं. दिवाळीला भाऊबीज घ्यायला सखुबाईच खाडी ओलांडून जायची, आणि येताना डोळे पुसत यायची. विचारलं तर म्हणायची, वाऱ्यानं.

अशात कल्पिताचं लग्न ठरलं. कल्पिता आता सव्वीस वर्षांची, कंटेनर यार्डाच्या गेटवर कामाला. दिवसभर ड्रायव्हरांचे कागद तपासायची, सील बघायची, आणि "मॅडम, टायर पंक्चर झाला" म्हणणाऱ्याला एका नजरेत ओळखायची. पोरगा पेणचा, निकेत नावाचा, शाळेत मास्तर. सगळं छान. आणि पत्रिका छापून आल्या त्या दिवशी सखुबाई पत्रिकांच्या गठ्ठ्यापुढं बसली आणि म्हणाली, "पयली गावदेवीला. दुसरी मामाला. मामा न्हाय तर पोरीच्या पाठीशी हुबा कोन ऱ्हाईल? बोहल्यावर माज्या पोरीची पाठ उघडी ऱ्हायली, तर मी त्या मांडवात पाय ठेवनार न्हाय. सांगून ठेवते."

सखुबाई धमक्या देणाऱ्यांतली नव्हे. जे बोलायची ते करायची.

दुसऱ्याच सकाळी नवराबायको करंजाच्या धक्क्यावर. लाँचमध्ये दिनानाथ सगळा वेळ माफी घोकत होता. "भिकू, चढाईचं बोलायला नको होतं. माजं चुकलं. तुजी चढाई तुजी." हे त्यानं इतक्या वेळा म्हटलं, की शेजारी बसलेली कोळीण म्हणाली, "दादा, समुद्राची माफी मागतंस काय?"

रेवसला भिकू धक्क्यावरच होता, बोटींसाठी बर्फाची लादी फोडत. बहिणीला बघून त्यानं हातोडा खाली ठेवला. दाजींना बघून परत उचलला.

दिनानाथनं पत्रिका पुढं केली आणि घोकलेलं सगळं म्हणून दाखवलं. मनापासून म्हणाला, हे खरं. भिकूनं ऐकून घेतलं. धक्क्यावरची माणसं जवळ सरकली.

"चढाईचं सोड, दाजी," भिकू म्हणाला. "ते तू रागात बोललास. तेचं मना काय न्हाय."

सखुबाईचा जीव भांड्यात पडला. पण घाई झाली तिची.

"फकस्त एक कर. त्या टोपीवाल्यानं राजे टाकले ते बरोबर केलं, असं सगल्यांसमोर म्हन."

दिनानाथचं तोंड उघडलं. उघडंच राहिलं. सखुबाईनं त्याच्या बरगडीत कोपर मारलं. त्यानं सुरुवात केली, "टोपीवाल्यानं..." आणि थांबला. पुन्हा म्हणाला, "टोपीवाल्यानं राजे..." घसा खाकरला. कपाळावरचा घाम पुसला. आणि शेवटी कळवळून म्हणाला, "भिकू, तू म्हनशील तर मी तुज्या पाया पडतो. सगल्या गावासमोर नाक घासतो. पन राजे टाकायचे नसतात रं! कसं म्हनू मी?"

"मग पत्रिका ने परत," भिकू म्हणाला, आणि बर्फावर हातोडा घातला.

सखुबाई दोघांच्या मधे उभी राहिली. आधी भावाकडं बघितलं, मग नवऱ्याकडं. "कोन तो टोपीवाला? कुठला? त्याच्या आयशीनं तरी त्याला एवडा डोक्यावर घेतला आसंल काय? माज्या पोरीचं लगीन हाय आनि तुमी दोगं त्या मुडद्याच्या पत्त्यांत आडकलेव!" ती ओरडली आणि तिथंच धक्क्यावर मटकन बसली. धक्क्यावरच्या माणसांनी माना खाली घातल्या. दोघांपैकी एकानंही मत बदललं नाही. परतीच्या लाँचमध्ये दिनानाथनं पत्रिका छातीशी धरली होती, आणि कोळीण पुन्हा भेटली, तिनं सरकून सखुबाईला जागा दिली.

चार दिवस घरात चूल पेटायची पण शब्द निघायचा नाही. सखुबाई हळद दळायची ती इतक्या जोरात, की जातं रडायचं. पाचव्या दिवशी दिनानाथ काट्यावरून घरी आला, तर कल्पिता ओट्यावर उभी होती. एका हातात मोबाईल, दुसरा हात कमरेशी मूठ वळून.

"बाबा, तुमचा तो डाव सापडला," ती म्हणाली.

"कुठला डाव?"

"राजांचा. नेटवर आहे. त्या दाढीवाल्यानं नंतर एका मुलाखतीत सांगितलंय, त्याच्याकडं कोणती पानं होती ते. मी बघितलं."

दिनानाथ ओट्याच्या पायरीवर बसला. "काय होतं त्याच्याकडं?"

"आत्ता नाही सांगणार. हळदीला डीजेवाला मोठा पडदा लावणार आहे ना? त्यावर दाखवणार. सगळ्या गावासमोर. जो चुकला असेल त्यानं तिथंच दुसऱ्याची माफी मागायची. मामाला पण फोन करून कळवलंय."

दिनानाथनं पोरीकडं बघितलं. बघितलं म्हणजे कसं, पंचवीस वर्षांची सगळी विद्या पणाला लावून बघितलं. डोळे बघितले. पापणी हलली नाही. कान बघितला. गळ्याची शीर बघितली. च्युइंगमसारखा जबडा थांबतो का बघितलं. काहीच नाही. पोरगी गेटवर बावीस टायरवाल्यांना परत पाठवणारी, ती बापाला काय बधते! "सांग की गं," तो शेवटी गयावया करून म्हणाला. "नुसतं एक्के होते काय न्हवते, एवडं सांग." ती आत निघून गेली.

त्या दिवसापासून दिनानाथला अन्न गोड लागेना. दाढीवाल्याकडं एक्के असतील तर? आयुष्यात पहिल्यांदा हा विचार त्याच्या मनात आला. आणि एकदा आला तो जाईना. काट्यावर बसून तो स्वतःशीच हिशेब मांडू लागला, की दाढीवाला खरंच दोन तास गप्प होता. दोन तास! गप्प बसणारा माणूस उगाच का उठतो? एकदा तर त्यानं भरलेल्या ट्रेलरचं वजन रिकाम्याच्या पावतीवर लिहिलं, आणि ड्रायव्हर म्हणाला, "दिनाभाई, मैं घर से खाली आया हूँ, खाली ही जा रहा हूँ!" मोठ्या पडद्यावर, दीड हजार माणसांसमोर, डीजेच्या लायटीत आपण चुकलेलो दिसणार, या कल्पनेनं तो शहारायचा. त्यापेक्षा आधीच कबूल केलेलं काय वाईट? निदान धक्क्यावर माणसं तरी कमी असतील.

हळदीच्या दिवशी सकाळी, दारात मांडव पडत होता, बायका पापड मोजत होत्या, आणि नवरीचा बाप गुपचूप मागल्या दारानं सटकून करंजाला गेला. रेवसची पहिली लाँच धक्क्याला लागत होती. दिनानाथ चढायला पुढं झाला, आणि लाँचमधून उतरायला पुढं झाला भिकू. नवा सदरा, हातात पिशवी, चेहरा चार दिवस न झोपल्यासारखा.

दोघं समोरासमोर थांबले. मागची माणसं ढकलू लागली.

"भिकू, आयक," दिनानाथ एका दमात म्हणाला, "राजे टाकले ते बरोबर केलं त्यानं. माजं चुकलं. पडदाबिडदा नको."

भिकूचे डोळे विस्फारले. "न्हाय दाजी! मी तेच सांगाया आलोय. राजे ठेवाया पायजे होते. मी चार दिस इचार केला. दाढीवाला थापा मारत व्हता."

"अरे न्हाय! तो दोन तास गप्प होता!"

"गप्प होता म्हनूनच तर! गप्प बसून येकदम उठला की समोरचा भितो, तेच त्याला पायजे व्हता. तूच बोल्लेलास!"

"मी चुकीचं बोल्लेलो!"

"चुकीचं न्हाय, बरोबर बोल्लेलास! आता कशाला फिरतोस?"

काय सांगावं आता! चार वर्षं एक गडी म्हणत होता ठेवा, एक म्हणत होता टाका. आता दोघांनी बाजू बदलल्या, आणि भांडण पहिल्यापेक्षा मोठं. लाँचवाला वैतागून म्हणाला, "चढायचंय त्यानं चढा, उतरायचंय त्यानं उतरा!" दिनानाथ रागानं वळला आणि घराकडं चालू लागला. आणि भिकू, "थांब, दाजी, आयकून घे आदी," म्हणत त्याच्या मागं. रिक्षात दोघं भांडले. वेशीपाशी भांडले. मांडवात शिरले तेही भांडतच, आणि सखुबाईच्या हातातलं हळदीचं ताट तिथंच खाली ठेवलं गेलं. चार वर्षांनी भाऊ दारात आला होता. ओवाळायचं सुद्धा सुचलं नाही तिला. ती नुसती जाऊन त्याच्या दंडाला धरून उभी राहिली आणि हळदीच्या हातानं त्याचा नवा सदरा पिवळा करून टाकला.

हळदीला पडदा लागला, पण त्यावर नवरा-नवरीचे फोटोच फिरले. डाव काही दिसला नाही. कल्पिता म्हणाली, तुम्ही दोघांनी आधीच चूक कबूल केलीत, मग दाखवून करायचं काय? दुसऱ्या दिवशी बोहल्यावर लग्न लावणारी धवलारीण धवले, म्हणजे लग्नाची गाणी, गात होती, अंतरपाट धरला होता, आणि नवरीच्या पाठीशी मामा उभा होता, पहाडासारखा. सगळ्या मांडवानं बघितलं, की मधूनच मामा मान वाकडी करून नवरीच्या बापाच्या कानात कुजबुजतो, आणि नवरीचा बाप हाताची बोटं नाचवून त्याला काहीतरी पटवतो. लोकांना वाटलं, मानपानाचं चाललंय. धवलारिणीनं दोनदा गाणं थांबवून दोघांकडं बघितलं तेव्हा कुठं दोघं गप्प झाले.

आणि मग पाठवणी. दुपार कलली होती. फुलांची गाडी मांडवाच्या तोंडाशी उभी. सखुबाई एका खांबाला धरून रडत होती, बायका तिला धरून रडत होत्या. कल्पिता सगळ्यांच्या पाया पडून बापापाशी आली. काहीतरी बोलायला हवं म्हणून दिनानाथ म्हणाला, "कल्पे, आता तरी सांग. दाढीवाल्याकडं काय होतं?"

ती हसली. "व्हिडिओ पाठवते ना, बाबा. घरी पोचले की लगेच पाठवते."

दिनानाथनं सवयीनं तिचे डोळे बघितले. पापणी हलली नाही. कान, गळा, जबडा, काहीच नाही. मग त्याची नजर सहज खाली गेली. हिरव्या चुड्याचा हात. मेंदीनं रंगलेली मूठ घट्ट वळलेली, आणि अंगठा आत, दाबलेला.

त्याला भाताचा डाव आपटल्याचा आवाज आठवला. आणि ओट्यावरची ती कमरेशी वळलेली मूठही आठवली.

म्हणजे व्हिडिओ नव्हता! मुलाखत नव्हती, काही नव्हतं. एवढीशी पोर, नुसत्या चेहऱ्यावर दोन म्हातारे बैल एका दाव्याला बांधून मोकळी झाली होती. आणि आपण, आपण टोपीवाल्याचा कान बघत बसलो! "पकडली!" असं ओरडायला त्यानं तोंड उघडलं. बारा वर्षं याच क्षणाची वाट बघितली होती त्यानं, समोरच्या जित्याजागत्या माणसाची थाप पकडायची.

"आणि बघा हां बाबा, मी काय रडत नाही," कल्पिता म्हणाली. "मी एकदम मजेत आहे. तुम्ही पण रडायचं नाही."

अंगठा अजून आतच होता. बोटांची टोकं पांढरी पडली होती.

दिनानाथचं उघडलेलं तोंड मिटलं. त्याला एकदम कळलं, की सव्वीस वर्षं घरात एक पोर होती, आणि ती कधी कधी मजेत आहे असं सांगायची, आणि आपण मान डोलवायचो. किती वेळा? शाळेत पायाला खिळा लागला तेव्हा, नोकरी मिळत नव्हती तेव्हा, मामा यायचा बंद झाला तेव्हा. फार वाईट वाटलं त्याला. पण आता ते बोलून तिची मूठ उघडायची, की तिला तशीच जाऊ द्यायची?

"व्हय," तो म्हणाला. "दिसतंय ना मना. मजेत हाय माजी पोर. व्हिडिओ सावकाश पाठव, घाई न्हाय."

गाडी निघाली. रस्त्याच्या वळणावर दिसेनाशी झाली, तरी तो तिथंच उभा होता. मागून भिकू आला, कालच्याच पिवळ्या सदऱ्यात, नाक ओढत. भाचीसाठी रडून त्याचे डोळे लाल झाले होते. पण राहवेना त्याला.

"काय बोल्ली? तुला सांगितलं काय? काय व्हतं त्याच्याकडं?"

दिनानाथनं उजवा हात सदऱ्याच्या खिशात घातला.

"एक्के," तो म्हणाला. "दोन एक्के व्हते, भिकू. तू पयल्यापासून बरोबर व्हतास."

भिकूनं त्याच्या तोंडाकडं बघितलं. बराच वेळ बघितलं. दिनानाथनं पापणी हलवली नाही. मग भिकू मांडवातल्या एका प्लॅस्टिकच्या खुर्चीवर हळूच बसला.

"म्हंजे दाजी..." तो म्हणाला, आणि थांबला. "म्हंजे ती चढाई? ती पन?"

"ती पन," दिनानाथ म्हणाला. "कोपऱ्यातल्यानं गुडगा वाकवला व्हता. मना दिसला व्हता."

भिकू तोंडावर उपरणं घेऊन हमसून हमसून रडू लागला. दिनानाथ त्याच्या शेजारच्या खुर्चीवर बसला आणि डावा हात त्याच्या पाठीवर ठेवला. उजवा त्यानं खिशातच ठेवला होता, मूठ वळून.